नालेसफाईवर भांडून झालं असेल तर आता नकाशावर बोलूया

दरवर्षी मे महिना आला की मुंबईत एकच वाद सुरू होतो, नालेसफाई किती टक्के झाली. पालिका म्हणते जवळपास शंभर टक्के, विरोधक नाल्यापाशी जाऊन गाळाचे फोटो काढतात, मग कंत्राटदार, मग टक्केवारी, मग चौकशी, आणि पहिला मोठा पाऊस पडून हिंदमाता, मिलन सबवे, गांधी मार्केट तुंबलं की दोन्ही बाजूंना वाटतं आपलंच खरं ठरलं. २०२५ ला तर पाऊस मे महिन्यातच आला, २६ तारखेला, आणि वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं, जे सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. त्यावरही आठवडाभर चर्चा झाली ती कुठल्या खात्याची चूक यावर. गाळ काढायलाच हवा आणि त्यात पैसे खाणाऱ्यांना शिक्षाही व्हायला हवी, याबद्दल कुणाचं दुमत असायचं कारण नाही. पण एवढ्या मोठ्या शहराने पाण्याबद्दलची आपली सगळी राजकीय ताकद गाळाच्या टनांवर खर्च करावी हे मला पटत नाही.

हल्ली या वादात अजून एक आवाज आलाय. तो म्हणतो, अहो हे क्लायमेट चेंज आहे, महिन्याचा पाऊस एका दिवसात पडतो, पालिका तरी काय करणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४ मिमी, असल्या पावसापुढे कुठलं गटार टिकेल? यात तथ्य आहेच. तरी हा युक्तिवाद मला नालेसफाईच्या वादाइतकाच अपुरा वाटतो, कारण पडलेलं पाणी कुठे जाणार हे आपण वर्षानुवर्षं कागदावर ठरवत आलोय, विकास आराखड्यात, डीसीपीआर म्हणजे विकास नियंत्रण नियमावलीत, एकेका प्लॉटवर किती बांधता येईल हे ठरवणाऱ्या एफएसआयमध्ये, आणि ते या दोन्ही बाजूंना दिसत नाही किंवा बघायचं नाहीये. माझं म्हणणं असं आहे की हवामान बदलाला मुंबई जे काही उत्तर देणार आहे ते आधी जमीन-वापराच्या नकाशात आणि बांधकामाच्या नियमांत द्यावं लागेल, आणि पाण्याची जागा त्या नकाशात कायद्याने पक्की होत नाही तोपर्यंत पंप, टाक्या, ॲक्शन प्लॅन हे सगळं पाण्याच्या मागून धावणंच राहणार.

ॲक्शन प्लॅन आपल्याकडे आहे. मार्च २०२२ मध्ये पालिकेने मुंबई क्लायमेट ॲक्शन प्लॅन आणला, २०५० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं, मेहनतीने केलेलं काम आहे ते आणि त्याला नावं ठेवायची मला इच्छा नाही. त्यात सहा विषय आहेत: ऊर्जा आणि इमारती, वाहतूक, कचरा, हिरवाई, हवेची गुणवत्ता, पूर आणि पाणी. जमीन-वापर हा स्वतंत्र विषय त्यात नाही. शिवाय या प्लॅनला कायद्याचा जोर नाही. २०१८ ला मंजूर झालेला २०३४ पर्यंतचा विकास आराखडा मात्र एमआरटीपी ॲक्टखाली, म्हणजे राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्याखाली बंधनकारक आहे. बिल्डिंग प्रपोजल खात्यातला इंजिनीअर फाईल तपासताना डीसीपीआर उघडतो, क्लायमेट प्लॅन उघडत नाही, आणि त्याने उघडावा अशी कायद्याची अपेक्षाही नाही. मग शहर कशाप्रमाणे बांधलं जाणार?

नियमातल्या एका वाक्याने शहराचं काय होतं हे बघायचं असेल तर गिरणगाव बघा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम होता. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. गिरण्यांची जमीन साधारण ६०० एकर, तीही परळ, लालबाग, लोअर परळ, दादर अशा शहराच्या ऐन मध्यात. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची असं ठरलं, म्हणजे ज्या जमिनीवर शेड उभी होती ती शेड पाडल्यावरही हिशोबात धरायची नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये कोर्टाने बदललेला नियम कायम ठेवला. गिरणी कामगारांच्या घरांचं काय झालं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, पण त्याच वाक्यात पाण्याची जागाही गेली हे आपण बोलत नाही. याच सखल पट्ट्यात हिंदमाता आहे. २०२१ मध्ये पालिकेने हिंदमाताचं पाणी साठवायला दादरचं प्रमोद महाजन उद्यान आणि परळचं सेंट झेवियर्स मैदान खोदून त्यांच्याखाली कोट्यवधी लिटरच्या टाक्या बांधल्या, पाणी लवकर ओसरायला लागलं हे खरंही आहे. हिंदमाता तुंबण्याचा सगळा दोष गिरण्यांच्या जमिनीवर टाकता येणार नाही, ती जागा त्याच्या कितीतरी आधीपासून तुंबते. पण एवढी जमीन मोकळी होत असताना जे तलाव, मैदानं, खोलगट बागा करून जमिनीवर झालं असतं ते आपण पंधरा-वीस वर्षांनी जमिनीखाली काँक्रीट ओतून करतोय, आणि कितीतरी कमी प्रमाणात.

आता जरा गल्लीत या. एखाद्या सखल रस्त्यावर जुनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाते, नवीन टॉवर बांधताना बिल्डर प्लिंथ, म्हणजे इमारतीचं जोतं, दोन-तीन फूट वर घेतो, आवारात भर टाकतो, कडेने भिंत घालतो, पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट करतो. त्या टॉवरवाल्यांच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच आहे, कुठला बाप मुलांना गुडघाभर पाण्यातून लिफ्टपर्यंत नेईल? पण आधी त्या प्लॉटवर जे पाणी थांबायचं, मुरायचं, ते आता शेजारच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये जातं. मग तीही रीडेव्हलपमेंटला जाते आणि अजून अर्धा फूट वर जाते. मग रस्ता काँक्रीटचा होतो तोही वर येतो. शेवटी सगळं पाणी उरलेल्या चाळीत आणि झोपडपट्टीत, ज्यांना प्लिंथ वर घ्यायला ना पैसे आहेत ना परवानगी. प्रत्येकाने आपापल्या पुरतं पुराशी जुळवून घेतलं आणि गल्लीचा पूर वाढला. हे कुठल्या एका सोसायटीच्या चांगुलपणाने सुटणार आहे का? ते नियमाने सुटेल. प्लॉटवरून बाहेर जाणारं पाणी पुनर्विकासानंतर आधीपेक्षा वाढता कामा नये, सखल भागात तळघरातलं पार्किंग नको, तळमजला मोकळा ठेवा, मीटर रूम आणि ट्रान्सफॉर्मर वर न्या, आणि आवारातली काही जमीन खरोखरची माती राहू द्या. ही शेवटची गोष्ट सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितली होती, की सोसायटीची मोकळी जागा जमिनीवर हवी, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, बाग केली म्हणून भागणार नाही. त्यानंतर आलेल्या नियमांनी त्यातला काही भाग पुन्हा पोडियमवर चालवून घेतला. पोडियमवरच्या लॉनमधून पाणी कुठल्या जमिनीत मुरणार आहे?

यावर एक जोरदार आक्षेप येतो आणि तो घ्यायलाच हवा. लोक म्हणतात की बाबा मुंबईच भरावावर उभी आहे, सात बेटं जोडून केलेलं शहर आहे हे, पाण्याची जागा पाण्याला द्यायची म्हटलं तर अर्धं शहर उठवावं लागेल, आणि इंजिनीअरिंगने हे आजवर जमवलंय ना? जमवलंय, मान्य. १७८४ च्या सुमाराला हॉर्नबी वेलार्ड पूर्ण झाला, वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून आत घुसणारा समुद्र थांबला आणि त्यामागे शहर वाढलं. पण समुद्र थांबवला म्हणून मागची जमीन उंच झाली नाही. ती सखलच राहिली, तिच्यावर ताडदेव, भायखळा, कामाठीपुरा वसले, आणि आज अडीचशे वर्षांनीही वरळीला लव्हग्रोव्हचे पंप पाणी उपसून समुद्रात टाकतायत. म्हणजे एका पिढीने जमीन मिळवली आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांनी पंप चालवायचे, असा तो व्यवहार होता. त्यांना समुद्र वाढेल हे माहीत नव्हतं, आपल्याला माहीत आहे. जुन्या गटारांची क्षमता तासाला २५ मिमी पावसाची, तीही ओहोटी असेल तर. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड, म्हणजे मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या अहवालाने ती ५० मिमी करायला सांगितली, खऱ्या अर्थाने काम हललं २००५ नंतर, आणि आज तासाला ५० मिमीच्या वर पडणं ही काही दुर्मीळ गोष्ट राहिली नाही. त्यात भरती असेल तर बरेचसे आउटफॉल, म्हणजे समुद्रात उघडणारी गटारांची तोंडं, पाण्याखाली, गटारातलं पाणी बाहेर पडण्याऐवजी समुद्रच आत येतो. ठरलेल्या आठ पंपिंग स्टेशनपैकी सहा झाली, मोगरा आणि माहुल वर्षानुवर्षं अडकली, आणि कशावरून? जागेवरून. पंप बसवायलासुद्धा जमीनच लागते, इंजिनीअरिंग आणि जमीन-वापर हे काही दोन वेगळे पर्याय नाहीत. मला पंप हवेतच, पण प्रत्येक नवा भराव पंपांवरचं ओझं वाढवत असेल तर पंप कधी पुरणार?

दुसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, तो म्हणजे घरांचा. २०११ च्या जनगणनेनुसार सव्वा कोटीच्या या शहरात चाळीस टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहतात. पर्यावरणवाल्यांनी जमीन अडवून धरली म्हणून घरं महाग झाली, फ्लेमिंगोला जागा आहे आणि माणसाला नाही, असं लोक म्हणतात तेव्हा तो राग खोटा नसतो. याच तर्काने २०३४ च्या आराखड्यात ना-विकास क्षेत्राचा मोठा भाग विशेष विकास क्षेत्र झाला, आणि याच तर्काने २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडकडची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातल्या भाड्याच्या घरांसाठी द्यायचं ठरलं. धारावीकराला चांगलं घर मिळावं याला माझा विरोध कसा असेल? माझा प्रश्न आहे की गरिबाच्या घराची वेळ आली की सापडणारी जमीन नेमकी सगळ्यात सखल, सगळ्यात प्रदूषित किंवा सगळ्यात कोंदटच का असते. प्रकल्पग्रस्तांना माहुलला रिफायनऱ्यांच्या शेजारी पाठवलं, लोक आजारी पडले, शेवटी हायकोर्टाला त्यांच्यासाठी पर्यायी घर नाहीतर भाडं द्या म्हणून सांगावं लागलं. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाऊंडमध्ये पुनर्वसनाच्या बिल्डिंगी एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही आणि तिथल्या टीबीचा या कोंदटपणाशी संबंध आहे असं अभ्यासात निघालं. हे सगळं कागदावर परवडणारं घरच होतं. मिठागरांवरच्या घरांचंही तसंच होईल याची मला भीती वाटते.

आणि मिठागरांचा प्रश्न पक्ष्यांपुरता नाहीच. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावरून आणि पवईच्या बाजूने उतरणारं पाणी भांडुप, कांजूर, नाहूरमधून, एलबीएस रोड, रेल्वे, ईस्टर्न एक्सप्रेस हायवे ओलांडत ठाण्याच्या खाडीकडे जातं, आणि भरतीमुळे खाडी ते घेत नाही तेव्हा थांबायला मिठागरं आणि खाजण एवढीच जागा आहे. तिथे भराव टाकला की ते पाणी जाईल कुठे? आजच हायवेच्या अलीकडे राहणाऱ्या लाखो लोकांकडे, ज्यात चाळीही आहेत आणि हप्ते फेडणारे मध्यमवर्गीय फ्लॅटवालेही. म्हणजे एका गरीब वस्तीला घर देताना दुसऱ्या वस्तीचा पूर वाढवायचा आणि ज्यांना घर दिलं त्यांनाही भरतीच्या शेजारी बसवायचं. घरांसाठी उंचावरची, स्टेशनजवळची जमीन शहरात संपलेली नाही, ती महाग आहे. पूर्व किनाऱ्यावर बंदराची शेकडो एकर जमीन आहे, तिचा काही भाग सखल आहे पण सगळा नाही, आणि तिच्या नियोजनाची चर्चा २०१४ पासून चालू आहे. टीडीआर, म्हणजे एका जागेवरचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे नेण्याची सोय, तर आपल्याकडे १९९१ पासून आहे. आरक्षणाची जमीन पैसे न देता घेण्यासाठी आपण तो वापरला, तोच नाल्याकाठची आणि पाणथळ जमीन मोकळी ठेवण्यासाठी का वापरू नये? जिथे पाणी साठतं तिथला बांधकामाचा हक्क उचलायचा आणि मेट्रो स्टेशनजवळच्या उंच भागात उतरवायचा. आज टीडीआर कुठे उतरतो हे ठरवताना रस्त्याची रुंदी बघतात, जमिनीची उंचीही बघायला काय अडचण आहे?

तिसरी भीती झोपडपट्टीत राहणाऱ्यांची आहे आणि इतिहास त्यांच्या बाजूने आहे. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाली. तिने समुद्राचा वारा आत यावा म्हणून रस्ते काढले, दादर, माटुंगा, वडाळ्याच्या योजना आखल्या, पाच गार्डनचा परिसर त्यातूनच आला, आणि खोलीत उजेड यावा म्हणून दोन इमारतींमधल्या अंतराला साडेत्रेसष्ट अंशाचा नियम लावला. एका संकटाने शहराची नियमावली बदलली याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मुंबईच्याच इतिहासात दुसरं नाही. पण याच ट्रस्टने सुरुवातीच्या वर्षांत जेवढी घरं पाडली तेवढी बांधली नाहीत, गरीब माणूस शेजारच्या वस्तीत अजून दाटीत जाऊन राहिला. २००५ नंतर मिठीचं पात्र रुंद करताना काठावरच्या झोपड्या उठल्या, पण मिठीच्या मुखाशी भराव टाकून उभं केलेलं बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, आणि नदी ओलांडून गेलेली विमानतळाची धावपट्टी होती तिथेच आहे. मग पूर या शब्दाचा अर्थ लोकांनी बुलडोझर असा घेतला तर त्यांचं काय चुकलं? म्हणूनच हा क्रम नियमात लिहिलेला हवा: आधी त्याच वॉर्डात राहायला येण्याजोगं घर, मगच हलवणं, आणि धोक्याच्या जागेवरचा मोठ्यांचा भराव आणि छोट्यांची झोपडी यांना एकच मोजपट्टी. तिथेच राहू द्या म्हणणंही दया नव्हे. २०१९ ला मालाडच्या पिंपरीपाड्यात आणि २०२१ ला चेंबूरच्या भारतनगरमध्ये डोंगरउतारावरच्या घरांवर भिंत कोसळून रात्री झोपेत माणसं गेली, तेव्हा त्या वस्त्या धोक्यात आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं असं कोण म्हणेल?

आणि सरकारं रेषा कुठल्या दिशेला सरकवतायत तेही बघा. २०११ च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत हॅझार्ड लाईन, म्हणजे पूर आणि किनाऱ्याची धूप यांचा धोका दाखवणारी रेषा, किनारा नियमनाच्या हद्दीत धरली होती. २०१९ च्या अधिसूचनेत ती फक्त आपत्ती व्यवस्थापनाचं साधन झाली, बांधकामाला तिचा अडथळा उरला नाही, आणि खाडीकाठचं नियमन १०० मीटरवरून ५० मीटरवर आलं. धोका वाढतोय हे मान्य करायचं आणि त्याच वेळी धोक्याची रेषा परवानगीच्या टेबलावरून उचलून कंट्रोल रूममध्ये ठेवायची. नेदरलँड्ससारख्या देशाने, ज्याने शतकानुशतकं समुद्राला बांध घातले, १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर ठिकठिकाणी बांध मागे घेऊन नद्यांना जागा दिली, आणि ज्यांची शेतं-घरं गेली त्यांना मोबदला दिला. त्यांच्याकडे पैसा आहे, आपली दाटी त्यांच्याकडे नाही, हे खरंच. पण पुण्यात नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आहेत, निळी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची. त्या तिथे किती पाळल्या जातात हा वेगळा विषय, २०२४ ला एकता नगरी पाण्यात गेली ते आपण पाहिलं, पण निदान भांडायला एक रेषा आहे. मुंबईत पाण्याची पातळी आराखड्याच्या शीटवर छापलेली हवी, आरक्षणं छापलेली असतात तशी, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यालाही दिसेल आणि परवानगी देणाऱ्यालाही डोळेझाक करता येणार नाही.

यासाठी २०३४ ची वाट बघायची गरज नाही. एमआरटीपीच्या कलम ३७ खाली आराखड्यात आणि नियमावलीत सतत फेरबदल होतच असतात, फक्त ते बहुतेक वेळा एफएसआय वाढवण्यासाठी होतात. त्या फेरबदलाची नोटीस निघते आणि हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. मार्च २०२२ नंतर कितीतरी काळ पालिकेत नगरसेवकच नव्हते, तेव्हा तर लोकांच्या हातात या हरकतींशिवाय फारसं काही नव्हतं. हरकती पाठवून काही होत नाही असं वाटत असेल तर २०१५ आठवा. विकास आराखड्याच्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या, चुकांची यादी पेपरात रोज छापून यायला लागली आणि मुख्यमंत्र्यांना तो मसुदा रद्द करून नव्याने करायला सांगावं लागलं. तेव्हा आपल्या वॉर्डातली पुढची नोटीस निघेल तेव्हा नाल्याच्या फोटोबरोबर एक हरकतही जाऊ द्या. त्यात सीटीएस नंबर, म्हणजे प्लॉटचा नगर भूमापन क्रमांक लिहा, गेल्या दहा पावसाळ्यांत तिथे पाणी कुठवर आलं ते लिहा, शेजारच्या कुठल्या बिल्डिंगची प्लिंथ केव्हा वर गेली ते लिहा, आणि विचारा की या फेरबदलानंतर या प्लॉटवरचं पाणी कुठे जाणार आहे, ते लेखी द्या.